माझ्या नावापुढची नोंद मला दाखवा

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व ६७ सन्माननीय खासदार

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

पक्ष न पाहता आपणां सगळ्यांना लिहितो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ज्यांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाला सभागृहात ‘होय’ म्हटलं त्यांना, जे तेव्हा गप्प राहिले त्यांना, आणि जे २०२४ मध्ये पहिल्यांदाच दिल्लीला गेले त्यांनाही.

‘अभिलेखावर नोंद आहे.’ या तीन शब्दांवर माझ्या थोरल्या मुलाची पुण्यातली नोकरी गेली. कसली नोंद, कोणत्या सालची, कुणी केलेली, हे कळायला आम्हाला चौदा महिने लागले. तेही सरकारनं सांगितलं म्हणून कळलं नाही. शेजारच्या एका निवृत्त हवालदाराला आमची दया आली म्हणून कळलं. तपासाच्या नावाखाली माणसाला त्याचीच माहिती नाकारू देणारं त्या कायद्याचं सतरावं कलम आहे तसंच लागू झालं, तर पुढच्या माणसाला अशा हवालदारावरच विसंबून राहावं लागेल. म्हणून हे पत्र.

मी सोलापूरचा. एसटीच्या कार्यशाळेत कारकुनी करून निवृत्त झालो. मुलगा आयटीआय झालेला, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. जून २०२४ मध्ये त्याला पुण्याच्या एका कारखान्यात चांगली जागा मिळाली. नेमणूकपत्राबरोबर यादी आली: आधार, पॅन, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. हल्ली सुरक्षा रक्षकापासून शिपायापर्यंत सगळ्यांनाच ते लागतं, त्यात नवल नाही. ऑनलाइन अर्ज भरला, शुल्क भरलं, ठाण्यातून फोन आला तेव्हा दोन फोटो घेऊन मुलगा जाऊन आला. आणि मग प्रमाणपत्राऐवजी ते तीन शब्द आले.

ठाण्यातली माणसं उर्मट नव्हती, हे मुद्दाम लिहितो. बसायला खुर्ची दिली, चहाचंही विचारलं. पण कसली नोंद म्हटल्यावर उत्तर एकच. “काका, आमच्याकडं संगणकावर नाव दिसतंय. काय आहे ते सांगता येत नाही, आणि काढता तर येतच नाही.” मुलानं दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. अर्ज एका वाक्याचा होता: माझ्या नावे आपल्या अभिलेखात असलेल्या नोंदीची प्रत मिळावी. उत्तर आलं, कलम ८(१)(एच) अन्वये माहिती देता येत नाही, तपासात अडथळा येईल. पहिलं अपील केलं. सुनावणी चहा निवण्याआधी संपली, उत्तर कायम. दुसऱ्या अपिलाची तारीख अजून यायची आहे. कारखान्यानं पंधरा दिवस वाट पाहिली आणि दुसरा मुलगा घेतला. त्यांनाही दोष देत नाही. त्यांनी काय करायचं?

पुढं त्या हवालदारानं गुन्ह्याचा नंबर सांगितला. नंबर हातात असला की न्यायालयात नकलेचा अर्ज करता येतो. नक्कल मिळाली, दोन पानांची. २०१४ च्या गणपती विसर्जनाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाणामारी झाली होती. फिर्यादीनं सहा नावं घेतली होती आणि ‘इतर वीस-पंचवीस इसम’. सहात चौथं नाव आमच्या चिरंजीवांचं. त्या दिवशी तो पुण्यात अप्रेंटिसशिपला होता. तिथल्या हजेरीपटावर सही आहे. त्याला कधी अटक झाली नाही. त्याचा जबाब झाला नाही. गुन्ह्यात आपलं नाव आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. मार्च २०१६ मध्ये पोलिसांनी ‘क’ समरी पाठवली, दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केली, प्रकरण संपलं.

आपल्यातले वकील असलेले सदस्य जाणतातच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे पोलीस तपास बंद करतात तेव्हा समरीला अक्षर असतं. ‘अ’ म्हणजे गुन्हा घडला, पण गुन्हेगार किंवा पुरावा सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी. ‘क’ म्हणजे धड खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला कळवावं लागतं, त्याला हरकत घेता येते. ज्याचं नाव गुन्ह्यात आलं होतं त्याला मात्र कुणी कळवत नाही. त्याचं नाव यंत्रात जातं आणि तिथंच राहतं. पुढं समरीचा निकाल त्या नावापुढं कुणी चढवला तर चढवला.

यातली मेख अशी की मुलावर खटला झाला असता, तर ही वेळ आली नसती. दोषारोपपत्र दाखल झालेल्या आरोपीला त्याची प्रत, साक्षीदारांचे जबाब, सगळं विनामूल्य मिळतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २०७ कलमानं मिळत होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या २३० नं मिळतं. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते. ज्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही, त्याला कागदाचा कपटाही नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच तलाठी कार्यालयात आहे. माझ्या अर्ध्या एकराच्या सात-बारावर कुणाचं नाव चढवायचं, तर तलाठी आधी फेरफार लिहितो, त्याची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला मुदत देतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महसूल खात्याबद्दल आपण काय काय बोलतो ते असो, पण जमिनीच्या तुकड्यावरची नोंद मालकाला न सांगता करू नये, एवढी रीत इंग्रजांपासून चालत आली. माणसाच्या नावावरच्या नोंदीला ती रीत नाही.

नोंद हा शब्द आमच्या घरात नवीन नाही. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना पहाऱ्यात ठेवायच्या सरकारी वसाहतीत, वाढले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि पुढं १९११ च्या कायद्यानं ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांपैकी आम्ही. सरकारी वहीत नाव, नावापुढं बोटांचे ठसे, रोजची हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशानं तो कायदा मोडीत काढला. आमच्याकडं तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आजोबा म्हणायचे, कायदा गेला पण वही कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, तेव्हा ते काय म्हणाले असतील याचा अंदाज आपण करू शकता. तरी त्या वहीत आपलं नाव आहे, हे निदान आजोबांना ठाऊक होतं.

आता कायद्याकडे येतो. ७ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेनं आणि ९ ऑगस्टला राज्यसभेनं हे विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं, ११ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अकराव्या कलमात नागरिकाला एक सुंदर हक्क दिला आहे: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं तुम्ही काय करता, कुणाला दिली, हे विचारण्याचा. बाराव्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा. आणि सतराव्याच्या पहिल्या पोटकलमातल्या ‘सी’ खंडात म्हटलं आहे की कोणत्याही गुन्ह्याचा किंवा कोणत्याही कायद्याच्या भंगाचा प्रतिबंध, शोध, तपास किंवा खटला यांच्या हितासाठी माहिती हाताळली जात असेल, तर हे दोन्ही हक्क लागू नाहीत. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी राहते. म्हणजे माझ्या मुलाबद्दलची चुकीची नोंद कुणी चोरू नये, याची काळजी सरकार घेईल. ती त्याला दाखवणार मात्र नाही.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, या सवलतीला कुंपण नाही. तपास चालू आहे की बारा वर्षांपूर्वी बंद झाला, यात कायदा फरक करत नाही. खून आणि कचऱ्याच्या पेटीची नोटीस यांतही करत नाही, कारण शब्द ‘कोणत्याही कायद्याचा भंग’ असे आहेत. सवलत घेण्यासाठी कुणी आदेश काढायला नको, कारण लिहायला नको, मुदत घालायला नको. शिवाय खंडात ‘सरकार’ हा शब्दच नाही. उद्या एखाद्या खाजगी कंपनीनं ‘आम्ही फसवणूक शोधतोय’ म्हणून कर्मचाऱ्याची फाइल त्याच्यापासून लपवली, तर तिलाही हाच आडोसा.

आणि एक शब्द. हा मला माझ्या पुतण्यानं दाखवला, तो कायदा शिकतो. त्याच सतराव्या कलमात ‘ए’ आणि ‘बी’ हे खंड आहेत. एक कायदेशीर हक्क बजावण्यासाठी, दुसरा न्यायालयं आणि न्यायाधिकरणांसाठी. दोन्हींत अट आहे की माहितीची ती हाताळणी ‘आवश्यक’ असली पाहिजे. ‘सी’ मध्ये, म्हणजे जिथं तपास यंत्रणा आल्या तिथं, तो शब्द गायब. न्यायाधीशांना आवश्यकता सिद्ध करावी लागते आणि ठाण्याला नुसतं ‘हितासाठी’ म्हटलं की झालं. हा शब्द चुकून राहिला असेल, तर दुरुस्त करा. मुद्दाम वगळला असेल, तर कुणी आणि का वगळला ते सभागृहात विचारा.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचं उत्तर आपल्या घरात तयार होतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण मुंबई उच्च न्यायालयात होते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी त्यांनीच केली. पोलिसांच्या कागदांत काय असतं आणि काय नसतं, हे त्यांच्याइतकं कुणी जवळून पाहिलं असेल? त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जुलै २०१८ मध्ये जो मसुदा दिला, त्यात तपासासाठी सवलत होतीच, पण अट होती: ती कायद्यानं दिलेली हवी, आवश्यक हवी, आणि हेतूच्या प्रमाणात हवी. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खाजगीपणाला मूलभूत हक्क मानलं, त्यानंतरची ती कसोटी आहे. २०२३ च्या कायद्यात या अटी उरल्या नाहीत. १७(२)(ए) तर आणखी पुढं जातं. केंद्र सरकारनं एखाद्या सरकारी संस्थेच्या नावानं अधिसूचना काढली की ती संस्था सगळ्या कायद्यातूनच बाहेर.

दुसरी तक्रार क्रमाची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि कोणतं कलम कधीपासून लागू हे जाहीर झालं. माझी माहिती मागायचा हक्क देणारी कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. माहिती अधिकार कायद्याला कात्री लावणारं ४४(३) मात्र लगेच, त्याच दिवसापासून. घ्यायची घाई आणि द्यायची मुदत, हा हिशेब किराणा दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाशी करत नाही.

या ४४(३) बद्दल आपल्याशी जरा वेगळं बोलायचं आहे, कारण त्यात आपला संबंध आहे. माहिती अधिकाराच्या ८(१)(जे) मध्ये पूर्वी लिहिलं होतं की खाजगी माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं खाजगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तर ती नाकारता येईल. व्यापक जनहित असेल तर देता येईल. आणि शेवटी एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आता उरलं आहे एवढंच: माहिती व्यक्तिगत असली, की ती द्यायचं बंधन नाही. परंतुक गेलं. कायद्याच्या पुस्तकात सामान्य माणसाला खासदाराच्या शेजारी बसवणारं वाक्य ते. आपण ते काढायला ‘होय’ म्हटलंत.

कलम ८(२) खालचा जनहिताचा अपवाद अजून आहे, हे मला माहीत आहे. पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीचा आहे, आणि मुदतीत अर्जाला नकार लिहिणं हे किती सोपं काम आहे ते मी कारकून म्हणून सांगू शकतो. परिणाम दुहेरी झाला. माझ्या मुलाचं नाव गुन्ह्यात कुणी घातलं, तपास कुणी केला, समरीची नोंद संगणकावर चढवायचं कुणाचं काम होतं, हे विचारलं तर ‘ती अधिकाऱ्याची व्यक्तिगत माहिती’. आणि मुलाची स्वतःची व्यक्तिगत माहिती मागितली तर ‘तो तपासाचा अभिलेख’. महाराष्ट्रात २००२ मध्येच माहिती अधिकाराचा कायदा झाला होता, दिल्लीच्या तीन वर्षं आधी. त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. त्या राज्याच्या खासदारांनी हे मुकाट्यानं होऊ द्यावं, याचं वाईट वाटतं.

तिसरी तक्रार पुढच्या काळाची आहे आणि मला तीच जास्त भिववते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं अटक झालेल्यांची बोटं, तळवे, डोळ्यांची बुबुळं, जैविक नमुने घेता येतात आणि एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे अभिलेख संस्थेकडे ते पंच्याहत्तर वर्षं राहतात. माणूस निर्दोष सुटला किंवा खटल्याविनाच सोडला गेला, तर सगळी अपिलं संपल्यावर ते नष्ट करायचे, असं कायदा म्हणतो; न्यायालयानं कारणं देऊन ठेवायला सांगितलं तर गोष्ट वेगळी. चांगली तरतूद आहे. पण नष्ट झाले की नाही, हे त्या माणसानं बघायचं कसं? विचारायचा हक्क सतराव्या कलमानं काढून घेतल्यावर ही तरतूद कुणाच्या भरवशावर चालणार? पूर्वी एका ठाण्याची वही त्या ठाण्यापुरती होती, बदली झाली की विसरली जायची. आता सगळी ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक जाळ्यामुळं अक्कलकोटला चढवलेलं नाव गडचिरोलीत दिसतं. चूक पसरायला सेकंद लागतो. पुसायला कोणताच मार्ग नाही.

न्यायालयांकडे जा, असं कुणी म्हणेल. गेलेल्यांचे दाखले आहेत. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडलं आणि पुराव्याअभावी सोडलं. पण त्यांच्या नावानं हिस्ट्रीशीट, म्हणजे पोलिसांची पाळतीची नोंद, उघडली गेली, आणि मग रात्री-अपरात्री दारावर थापा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६२ मध्ये रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरल्या, बाकीची पाळत चालू राहिली. त्या निकालाचा उरलेला भाग चुकीचा होता, हे न्यायालयानं म्हटलं ते २०१७ मध्ये, पुट्टस्वामीत. पंचावन्न वर्षांनी. त्याआधी मलक सिंग यांच्या प्रकरणात, १९८० च्या सुमारास, न्यायालयानं सांगितलं होतं की पाळतीची नोंदवही गोपनीय असते, ती त्या माणसालाही पाहता येत नाही. नोंद करायला मात्र सबळ कारण हवं. कारण सबळ आहे की नाही हे वही न पाहता कसं सांगायचं, हा प्रश्न मी गेली दोन वर्षं सोडवतो आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच दिल्लीच्या एका प्रकरणात मागास आणि वंचित जातीजमातींच्या लोकांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यंत्रवत चढवू नका, असं बजावलं आणि सगळ्या राज्यांना आपापली धोरणं तपासायला सांगितलं. तो निकाल वाचताना आजोबांची आठवण झाली.

आता दुसरी बाजू. गुप्ततेशिवाय तपास होत नाही, हे मला मान्य आहे. चोराला तारीख कळवून कुणी छापा घालत नाही. खबऱ्याचं नाव फुटलं तर त्याचा जीव जातो. नवऱ्याविरुद्ध किंवा सावकाराविरुद्ध जबाब देणाऱ्या बाईचा पत्ता आरोपीच्या हाती लागता कामा नये. तडीपारीत नाव झाकून दिलेले जबाब घेतात, त्यामागंही भीतीच असते. यातलं काहीही मी मागत नाही. मात्र झाकायचं ते झाकून उरलेलं द्यायची सोय माहिती अधिकाराच्या दहाव्या कलमात वीस वर्षं आहे. तपास चालू आहे एवढं सांगणं नकाराला पुरेसं नाही, तो कसा अडेल ते दाखवा, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्येच भगत सिंग यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. (हे भगत सिंग वेगळे.)

आणि जे देश सुरक्षेबाबत आपल्यापेक्षा ढिले नाहीत, त्यांनी वाट काढली आहे. अमेरिकेत वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये खाजगीपणाचा कायदा झाला. तिथंही गुन्हे तपासणाऱ्या यंत्रणांना मोठी सूट आहे आणि तिथले लोक तिच्यावर कुरकुरतात. पण कोणता अभिलेख का वगळला, हे यंत्रणेला कारणासह राजपत्रात छापावं लागतं. शिवाय एका प्रकारच्या तपास अभिलेखांबाबत अशी अट आहे की त्या अभिलेखामुळं एखाद्याचा हक्क किंवा लाभ नाकारला गेला, तर गुप्त ठेवायचं वचन दिलेल्या खबऱ्याची ओळख तेवढी राखून बाकीचं त्याला दाखवायचं. माझ्या मुलाचं सगळं गाऱ्हाणं या एका अटीत मिटलं असतं. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशात आणखी एक शहाणपणाची सोय आहे: पोलिसांनी नागरिकाला दाखवायला नकार दिला, तर स्वतंत्र प्राधिकारी त्याच्या वतीनं आत जाऊन अभिलेख तपासतो. लंडनला नर्स असलेली माझी भाची सांगते, तिथं पोलिसांच्या संगणकावर आपल्याबद्दल काय आहे हे विचारणारा अर्ज कुणीही करू शकतं.

माझ्या मागण्या या:

१. सतराव्या कलमाच्या ‘सी’ खंडात ‘आवश्यक आणि प्रमाणशीर’ हे शब्द घाला. तपास चालू असेपर्यंतच सवलत ठेवा. समरी मंजूर झाली, दोषमुक्ती झाली किंवा निकाल लागला, की अकरावं आणि बारावं कलम आपोआप लागू व्हावं.

२. नकार लेखी असावा, कारणासह असावा, आणि त्याला मुदत असावी.

३. नोकरी, पासपोर्ट, परवाना, सरकारी कंत्राट यांपैकी काहीही पोलीस अभिलेखामुळं अडलं, तर गुन्ह्याचा क्रमांक, साल, कलम आणि प्रकरणाची सद्यःस्थिती एवढं त्या व्यक्तीला तीस दिवसांत कळवावं. खबऱ्याचं आणि साक्षीदाराचं नाव नको.

४. गुन्ह्यात नाव आलेल्या प्रत्येकाला समरीची प्रत मिळावी, आणि समरी मंजूर होताच संगणकावरची नोंद दुरुस्त करण्याची जबाबदारी एका नेमक्या हुद्द्यावर असावी.

५. अभिलेख आत जाऊन पाहण्याचा अधिकार असलेला स्वतंत्र तपासणीस नेमावा. डेटा संरक्षण मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमतं; सरकारविरुद्धची तक्रार त्यांच्याकडं न्यायची म्हणजे सासूविरुद्ध नणंदेकडं जाण्यासारखं आहे.

६. १७(२)(ए) खाली निघणारी प्रत्येक अधिसूचना कारणांसह दोन्ही सभागृहांपुढं ठेवावी आणि तिची मुदत संपावी, म्हणजे दर वेळी चर्चा होईल.

७. माहिती अधिकाराचं ८(१)(जे) जसं होतं तसं परत आणावं, परंतुकासह. हे आपण स्वतःसाठी मागितलंत तरी चालेल.

पोलीस हा राज्याचा विषय आहे, असं उत्तर मला दोन कार्यालयांतून आधीच मिळालं आहे. ठाणी राज्याची हे खरं. पण हा कायदा संसदेचा आहे, ओळख कायदा संसदेचा आहे, ठाण्यांना जोडणारं जाळं केंद्राच्या योजनेतलं आहे. चौथी मागणी राज्याच्या गृह विभागाकडे पाठवायची असेल तर जरूर पाठवा, तिची प्रत मला द्या. बाकीच्या सहा आपल्या दारातच पडल्या आहेत. कलमं लागू व्हायला मे २०२७ पर्यंत वेळ आहे. तेवढ्यात एक खाजगी सदस्याचं विधेयक तरी मांडता येतं. तेही होत नसेल, तर एक तारांकित प्रश्न विचारा: चारित्र्य पडताळणीत प्रतिकूल शेरा मिळालेल्यांपैकी किती जणांवर प्रत्यक्षात दोषारोपपत्र होतं? उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. सरकारलाही माहीत असेल असं वाटत नाही.

या पत्राला आलेली उत्तरं, आणि न आलेली, मी नावानिशी जाहीर करणार आहे. आपण लोकप्रतिनिधी आहात. ती आपली व्यक्तिगत माहिती नव्हे, असं मी धरून चालतो.

मुलानं न्यायालयाची नक्कल जोडून प्रमाणपत्रासाठी पुन्हा अर्ज केला आहे. रोज सकाळी चहा घेताना तो फोनवर स्थिती बघतो. आज सकाळी ‘प्रलंबित’ होती.

आपला विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातला एक मतदार